किनाऱ्यावरची घरे : पौलाच्या शेवटच्या यरुशलेम-प्रवासातील मुक्काम

प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा आणि एकविसावा अध्याय उपासनेत वाचण्याचा प्रसंग आला की, वाचक मिलेत येथील निरोपाच्या भाषणापाशी थांबतो आणि तेथून एकदम यरुशलेमेतील दंग्याकडे वळतो. मधली बंदरांची यादी बहुधा गाळली जाते. अस्स, मितुलेने, खियास, सामा, कोस, रुदास, पातरा ही नावे उच्चारावयास अवघड, आणि त्यांतून बोध तो कोणता घ्यावयाचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ही यादी लिहिणारा मनुष्य स्वतः त्या गलबतावर होता. ‘आम्ही’ निघालो, ‘आम्ही’ उतरलो, असे तो लिहितो. आणि सिरियाच्या किनाऱ्याला लागल्यापासून एक गोष्ट तो विसरत नाही, ती ही की मुक्काम कोणापाशी झाला आणि किती दिवस झाला. सोर येथे सात दिवस, प्तलमैस येथे एक दिवस, कैसरियात पुष्कळ दिवस. फिरतीवर असलेल्या उपदेशकाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवावे, तशा या नोंदी आहेत. ती घरे कोणाची होती आणि त्या किनाऱ्यावर ती आली कोठून, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर त्याच ग्रंथात, काही अध्याय मागे, लिहून ठेवलेले आहे. मात्र दोन्ही पाने एकत्र ठेवून वाचली जात नाहीत.

हा प्रवास इ. स. ५७ च्या वसंत ऋतूतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौल करिंथाहून सरळ जहाजाने सिरियाकडे जावयाचा होता. परंतु त्याच्याविरुद्ध कट झाल्याचे कळल्यावर तो मासेदोनियाच्या मार्गाने उलट फिरला (२०:३). बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस त्याने फिलिप्पैत काढले आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत यरुशलेम गाठावे, असा त्याचा विचार होता. त्याच्याबरोबर सात जण होते. लूकाने त्यांची नावे गावांसह दिली आहेत. स्वतः लेखक धरून ही टोळी नऊ जणांची झाली. मासेदोनिया, अखया, गलतिया येथील मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी या लोकांच्या हाती होती, असे पौलाच्या पत्रांवरून दिसते. म्हणजे नऊ पुरुष, पाठीवर पडशा, कमरेला दुसऱ्यांचे पैसे, आणि पुढे महिना-दीड महिन्याची वाट. अशा लोकांनी रात्री उतरावे कोठे?

त्या काळी उतारूंसाठी वेगळी जहाजे नव्हती. मालाच्या गलबतावर जागा मिळेल तेथे बसावयाचे, शिधा आपला आपण न्यावयाचा, आणि तांडेल जेथे माल उतरवील तेथे तितके दिवस थांबावयाचे, अशी रीत होती. इजियन समुद्रात वारा बहुधा दिवसा उत्तरेकडून वाहतो आणि सायंकाळी पडतो. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी गलबते रोज रात्री कोठेतरी नांगर टाकीत. अशा ठिकाणी सराया होत्या, परंतु त्यांची कीर्ती चांगली नव्हती. पाण्यात भेसळ केलेला द्राक्षारस, चोऱ्या आणि वेश्याव्यवसाय यांसाठी त्या ग्रीक व रोमी लेखकांच्या थट्टेचा विषय झाल्या होत्या. ‘योहानाची कृत्ये’ या नावाच्या, पवित्र शास्त्रात समाविष्ट न झालेल्या एका जुन्या ग्रंथात प्रेषित योहान ओसाड सराईत रात्री झोपला असता ढेकणांनी त्याची झोप उडवली, तेव्हा त्याने त्यांना बाहेर जाण्याची आज्ञा केली आणि सकाळी ते सारे दाराशी शिस्तीने उभे होते, अशी गोष्ट आहे. ती कोणी इतिहास म्हणून वाचणार नाही. परंतु ज्याने ती रचली त्याला सराया चांगल्या ठाऊक होत्या, यात शंका नाही.

यहूदी प्रवाशांनी या अडचणीवर फार पूर्वीच तोड काढली होती. यरुशलेमेत १९१३-१४ च्या उत्खननात एक ग्रीक शिलालेख सापडला. थियोदोत नावाच्या याजकाने व सभास्थानाच्या अधिकाऱ्याने सभास्थान बांधले, ते नियमशास्त्र वाचण्यासाठी व आज्ञा शिकवण्यासाठी. आणि त्याबरोबरच परदेशांहून येणाऱ्या गरजूंसाठी उतरण्याच्या खोल्या व पाण्याची सोय केली, असे त्यात कोरलेले आहे. इ. स. ७० मध्ये मंदिराचा नाश झाला त्यापूर्वीचा हा लेख आहे, असे सर्वसामान्य मत आहे. पौल पहिल्याने या सभास्थानांच्या आधारेच गावोगाव फिरला. पुढे तेथे विरोध वाढत गेला तसतसा त्याचा मुक्काम घरांकडे सरकला. फिलिप्पैत लुदियेने त्याला आग्रहाने आपल्या घरी नेले. थेस्सलनीकात यास्सोनाने ठेवून घेतले, आणि त्या पाहुणचाराबद्दल यास्सोनाला जमावाने नगराधिकाऱ्यांपुढे ओढत नेले व जामीन घेऊन सोडण्यात आले. घर उघडणे ही त्या वेळी केवळ ताटपाट मांडण्याची गोष्ट नव्हती.

त्रोवस येथे सात दिवस राहून मंडळी निघाली, तेव्हा पौलाने एक विलक्षण गोष्ट केली. बाकीच्यांना त्याने गलबताने पुढे पाठवले आणि स्वतः अस्सपर्यंत पायी चालत गेला. गलबताला लेक्तम भूशिराला वळसा घालून जावे लागे. पायवाट ते भूशिर टाळून आतून जात असे. तरी हे अंतर सरळ रेषेतही तीस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि आदल्या रात्री पहाटेपर्यंत तो बोलत राहिला होता. त्याच रात्री युतुख माडीवरून पडला होता. असे असता तो एकटा चालत का गेला, हे लूक सांगत नाही. भाष्यकारांनी नाना कारणे सुचवली आहेत : कोणी म्हणतो भूशिरापाशी समुद्र खवळलेला असे, कोणी म्हणतो त्याला एकांत हवा होता. आम्हांला दुसरे कारण अधिक पटते. आठ सोबत्यांसह महिनाभर प्रवास केलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. याच अस्स नगरात, पौलाच्या सुमारे चारशे वर्षे आधी, प्लेटोच्या मृत्यूनंतर आरिस्टॉटल हा हर्मियास नावाच्या राज्यकर्त्या मित्राचा पाहुणा म्हणून सुमारे तीन वर्षे राहिला होता. त्या किनाऱ्याला पाहुणे नवीन नव्हते.

मिलेतातील भाषणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यातील दोनच गोष्टी घ्यावयाच्या. पहिली ही की, आपण कोणाच्या सोन्यारुप्याची वा वस्त्राची इच्छा धरली नाही, आपल्या हातांनीच आपल्या व सोबत्यांच्या गरजा भागवल्या, असे पौल तेथे आवर्जून सांगतो. जो मनुष्य जन्मभर दुसऱ्यांच्या घरी उतरला, त्याला हे सांगणे अगत्याचे वाटले. दुसरी गोष्ट एका शब्दप्रयोगाची आहे. आपण चारचौघांत व घरोघर शिकवले, असे तो म्हणतो (२०:२०). हा ‘घरोघर’ शब्द लूकाने आणखी एका ठिकाणी, जवळजवळ त्याच ग्रीक रूपात, वापरला आहे. आठव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात शौल घरोघर शिरून पुरुषांना व स्त्रियांना ओढून काढतो आणि तुरुंगात टाकतो. एकाच माणसाविषयी, एकाच लेखकाच्या हातून आलेला हा शब्द दोन्हीकडे योगायोगाने आला असेल; परंतु पुढील प्रवास वाचताना तो मनात ठेवावा.

कोस, रुदास, पातरा. येथे त्यांनी गलबत बदलले. किनारा धरून जाणारे सोडून, खुल्या समुद्रातून फेनीकेकडे जाणारे मोठे गलबत धरले. कुप्र बेट डाव्या हाताला दिसले व मागे पडले. सहाशे किलोमीटरांहून अधिक पाणी ओलांडून ते सोर येथे उतरले, कारण गलबताचा माल तेथे उतरावयाचा होता.

सोर मूळचे बेट. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३२ मध्ये वेढा घातला तेव्हा समुद्रात भर टाकून बांध घातला. पुढे त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना वाळू साचत गेली आणि बेटाचे भूशिर झाले. जांभळ्या रंगाचा व्यापार करणारे ते श्रीमंत, गजबजलेले नगर होते. तेथे शिष्य होते, पण ते कोठे राहतात हे या नऊ जणांना ठाऊक नव्हते. लूकाने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘शोधून काढणे’ असा आहे. आपल्यापैकी जे नव्या गावी पत्ता विचारत फिरले आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभे राहील : बंदरावर उतरलेले परके लोक, कोणा रंगाऱ्याच्या वा सुताराच्या दुकानापाशी दबक्या आवाजात केलेली चौकशी, आणि शेवटी उघडलेले दार. त्या दारामागच्या लोकांनी नऊ जणांना सात दिवस ठेवून घेतले. ज्यांनी पौलाला बहुधा कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी यरुशलेमेस जाऊ नको म्हणून त्याला विनवले, आणि निघण्याच्या दिवशी बायकामुलांसह सारे नगराबाहेर आले. वाळूत गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. मुलांचा उल्लेख लूकाने मुद्दाम केला आहे. निरोपाच्या प्रसंगी मुले हजर असल्याचा दुसरा उल्लेख या ग्रंथात नाही.

हे लोक कोण? फेनीकेत मंडळी कशी झाली, हे अकराव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात आहे. स्तेफनावरून जो छळ उसळला त्यामुळे पांगलेले लोक फेनीके, कुप्र व अंत्युखियापर्यंत फिरत गेले. या छळाचा पुढारी कोण होता, हे सांगावयास नको. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायांशी ठेवली, आणि त्यानंतर जो घरोघर शिरला, तोच आता बावीस-तेवीस वर्षांनंतर सोरच्या दारात उभा होता. सोर येथील मंडळीतील प्रत्येक जण यरुशलेमेहून पळालेला होता, असे कोणी म्हणणार नाही. तेथे जन्मलेले, तेथेच विश्वास ठेवलेले पुष्कळ असतील. परंतु त्या मंडळीचे मूळ त्या पळून आलेल्यांत होते, आणि असे मूळ लोक विसरत नाहीत. आजीने नातवाला सांगितलेल्या गोष्टींत शौल हे नाव असणारच. पौलाला हे ठाऊक नव्हते असेही नाही. बर्णबाबरोबर यरुशलेमेच्या सभेला जाताना तो एकदा फेनीकेतून गेला होता, आणि तेथील बंधूंना परराष्ट्रीयांच्या परिवर्तनाची हकीकत सांगून त्याने आनंदित केले होते (१५:३).

सोरहून प्तलमैस सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. मध्ये ‘सोरची शिडी’ म्हणून ओळखला जाणारा कडा सरळ समुद्रात उतरतो. तेथे बंधूंना भेटून एक दिवस राहिले. एवढेच लूक सांगतो, आणि आम्हांलाही अधिक सांगण्यासारखे नाही.

कैसरियात मात्र थांबले पाहिजे. हेरोदाने बांधलेले हे बंदर रोमी सुभेदाराचे ठाणे होते. तेथे पौल फिलिप्पाच्या घरी उतरला, आणि लूक त्या यजमानाची ओळख करून देताना ‘सातांपैकी एक’ असे म्हणतो. हे सात म्हणजे सहाव्या अध्यायात पंक्तिसेवेसाठी, म्हणजे विधवांना अन्न वाटण्यासाठी, निवडलेले पुरुष. त्या यादीत पहिले नाव स्तेफनाचे आहे व दुसरे फिलिप्पाचे. स्तेफन मारला गेला, फिलिप्प निसटला. शोमरोनात त्याने सुवार्ता सांगितली, गज्जाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा दिला, आणि मग अजोत, म्हणजे जुन्या करारातील अश्दोद, येथे तो आढळला. तेथून गावोगाव उपदेश करत किनाऱ्याकिनाऱ्याने तो कैसरियापर्यंत गेला (८:४०). ऐंशी-नव्वद किलोमीटरांची ही वाट. लोद व यापो ही नगरे याच पट्ट्यात येतात, आणि नवव्या अध्यायात पेत्र तेथे पोहोचतो तेव्हा दोन्हीकडे शिष्य आधीच आहेत. यापोत समुद्रकाठी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पेत्र पुष्कळ दिवस राहिला. किनाऱ्यावरच्या घरांची ही माळ ओवण्याचे काम फिलिप्पाच्या चालण्यातून झाले, असे मानण्यास चांगला आधार आहे. घर सोडून पळालेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी घरे तयार केली, आणि अखेर समुद्रकाठी स्वतःचे घर मांडले.

त्या घरात पौल उतरला. दोघांची पहिली भेट कशी झाली, जुने काही बोलणे निघाले की नाही, क्षमेचा शब्द कोणी उच्चारला की नाही, यांपैकी एक अक्षर लूकाने लिहिलेले नाही. काही उपदेशक येथे हृदयद्रावक संवाद रचतात. ते टाळावे असे आम्हांला वाटते. जे लिहिले आहे तेच पुरेसे आहे : फिलिप्पाने नऊ जणांना पुष्कळ दिवस घरात ठेवले. त्याच्या चार अविवाहित कन्या होत्या व त्या संदेश देत असत. नऊ परपुरुषांचे जेवणखाण, अंथरूण-पांघरूण, पाणी, हा सारा भार त्या घरातील स्त्रियांवर पडला असणार. लूक मात्र त्यांना स्वयंपाकिणी म्हणून नव्हे, संदेष्ट्या म्हणून ओळखतो, हे आपल्या मंडळ्यांतील पुरुषांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हियरापलीचा बिशप पापिया याने फिलिप्पाच्या कन्यांकडून जुन्या गोष्टी ऐकल्या होत्या, असे युसेबियस नोंदवतो. प्रेषित फिलिप्प व हा फिलिप्प यांची तेथे गल्लत झालेली असावी, हे खरे. तरीही लूकाने स्तेफनाची, शोमरोनाची व कूशी अधिकाऱ्याची हकीकत कोणाकडून मिळवली, या प्रश्नाला कैसरियातील त्या पुष्कळ दिवसांइतके सरळ उत्तर दुसरे सुचत नाही. तसे असेल, तर शौल घरोघर शिरला हे वाक्य ज्याच्यामुळे लिहिले गेले, तो यजमान आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले, तो पाहुणा एकाच पंक्तीला बसले होते.

याच घरी यहूदीयातून अगब आला, त्याने पौलाचा कमरबंद घेऊन आपले हातपाय बांधले आणि यरुशलेमेत काय घडणार ते दाखवले. कमरबंदाच्या घडीत प्रवासी आपले पैसे ठेवीत असत. अगबाने हातात घेतली ती वाटसरूची थैलीच होती. सारे घर रडू लागले. पौलाने ऐकले नाही.

पुढे यरुशलेमेपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर. कैसरियातील काही शिष्य सोबत निघाले आणि त्यांनी म्नासोन नावाच्या कुप्र बेटाच्या जुन्या शिष्याकडे या लोकांची सोय केली. ‘बेझा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या हस्तलिखितात म्नासोनाचे घर वाटेवरच्या गावी असल्यासारखा पाठ आहे; इतर पाठ ते यरुशलेमेतच असल्याचे सुचवतात. दोन्ही पक्षी एक गोष्ट कायम राहते. पौलाच्या टोळीत सुंता न झालेले परराष्ट्रीय होते, आणि यरुशलेमेतील हजारो विश्वासणारे नियमशास्त्राविषयी आवेशी होते; पौल नियमशास्त्र सोडावयास शिकवतो, अशी वदंता त्यांच्या कानी गेली होती. अशा वेळी या टोळीला उतरवून घेणे म्हणजे शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणे होते. कोणाचे नाव घ्यावे याचा विचार कैसरियातील मित्रांनी आधीच केला होता. म्नासोन कुप्रचा, आणि कुप्र हे त्याच ११:१९ मध्ये आलेले दुसरे नाव आहे. फेनीकेतील सोर, फिलिप्पाचे कैसरिया, कुप्रचा म्नासोन : ज्या दारांनी पौलाला आत घेतले ती जवळजवळ सारी त्याने पांगवलेल्या लोकांशी संबंध सांगणारी होती.

यानंतर थोड्याच दिवसांत, मंदिराच्या आवारात पकडला गेला असता, गडाच्या पायऱ्यांवरून पौलाने लोकांशी भाषण केले. त्यात त्याने स्तेफनाचे नाव घेतले, त्याचे रक्त पाडले गेले तेव्हा आपण जवळ उभे होतो असे सांगितले (२२:२०). त्याच्या सर्व पत्रांत हे नाव कोठेही येत नाही. कृत्यांतही पौलाच्या तोंडी ते येथे एकदाच येते. फिलिप्पाच्या घरून निघाल्यापासून फार तर दोन-तीन आठवड्यांच्या आत.

मग दोन वर्षे कैसरियातच कैदेत गेली. रोमी तुरुंगात कैद्याच्या अन्नवस्त्राची चिंता त्याच्या आप्तेष्टांनी वाहावी लागे. फेलिक्साने पौलाच्या लोकांना त्याची सेवा करू द्यावी असे फर्मावले, आणि फिलिप्पाचे घर त्याच नगरात होते. पुढे युल्य शताधिपतीच्या पहाऱ्यात त्याला इटलीकडे नेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी गलबत सिदोनास लागले आणि युल्याने त्याला ‘मित्रांकडे’ जाऊन पाहुणचार घेण्याची परवानगी दिली (२७:३). बंधू किंवा शिष्य हा नेहमीचा शब्द सोडून लूक येथे मित्र म्हणतो. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या शेवटीही मंडळीच्या लोकांना हेच नाव दिलेले आहे. सिदोन हेही फेनीकेच.

या रिवाजाला पुढे कीड लागली, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. ज्या घराचे दार परक्याला उघडते, तेथे लबाडही शिरतो. १८७३ मध्ये ब्रुएन्निओस या विद्वानाला कॉन्स्टँटिनोपल येथे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हा ग्रंथ १०५६ सालच्या एका हस्तलिखितात सापडला व १८८३ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. बहुधा सिरियाच्याच बाजूला, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या या ग्रंथात फिरत्या प्रेषितांविषयी नियम आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. गावात स्थायिक व्हावयाचे असेल तर धंदा करावा. ख्रिस्ताच्या नावावर पोट भरणाऱ्यासाठी त्या लेखकाने ‘ख्रिस्ताचा व्यापारी’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. या नियमाने सोर येथे पौल तिसऱ्या दिवशीच खोटा ठरला असता! पण ज्यांनी नियम केला त्यांना हसणे सोपे आहे. मोजक्या पिठाच्या डब्यातून आठवडाभर पाहुणे जेवू घातलेल्या गृहिणीला त्यांतील शहाणपण कळेल.

उलट टोकाचा दोष दियत्रफेसाचा. तो बंधूंना स्वतः घेत नसे आणि जे घेऊ पाहत त्यांना मंडळीबाहेर घालवी. योहानाचे तिसरे पत्र त्याच्यामुळेच लिहिले गेले. एका ठिकाणी फार उघडे दार, दुसऱ्या ठिकाणी बंद. दुसऱ्या शतकातील लूकियन या विनोदी लेखकाने पेरेग्रिनस नावाच्या भोंदूची कथा लिहिली. पॅलेस्टाईनमध्ये तो ख्रिस्ती लोकांत शिरला, त्यांचा पुढारी झाला, आणि तुरुंगात पडला तेव्हा विधवा व अनाथ पहाटेपासून दारात उभे राहत. आशियातील नगरांतून मंडळ्यांच्या खर्चाने लोक त्याच्या मदतीला आले. लूकियनाला हा निव्वळ भोळेपणा वाटला. इतिहासकाराला मात्र त्याच्या थट्टेतून एक साक्ष मिळते : कैसरियाच्या तुरुंगाशी पौलासाठी जे झाले, ते शंभर वर्षांनंतरही त्याच मुलखात होत होते, आणि बाहेरच्यांनाही ते माहीत होते.

चौथ्या शतकात मंडळीला राजाश्रय मिळाला, वर्गणी वाढली, आणि परक्यांसाठी स्वतंत्र धर्मशाळा बांधल्या गेल्या. इ. स. ३६२ मध्ये ख्रिस्ती धर्माचा वैरी सम्राट जुलियन याने त्यांचे अनुकरण करण्याची आज्ञा आपल्या गलतियातील पुरोहिताला दिली, एवढी त्यांची ख्याती झाली. पण धर्मशाळा झाल्या आणि घरे मिटू लागली. कॉन्स्टँटिनोपल येथे प्रेषितांच्या कृत्यांवर प्रवचने करताना योहान ख्रिसोस्तोमाला श्रोत्यांची हीच कानउघाडणी करावी लागली : मंडळीकडे धर्मशाळा आहे म्हणून तुम्ही मोकळे होत नाही; आपापल्या घरात परक्यासाठी एक खोली राखा, तीत खाट, मेज व दिवा ठेवा. अलीशासाठी शूनेमकरिणीने केलेली सोय त्याच्या मनात होती.

त्याच सुमारास, इ. स. ३८५ मध्ये, पौला नावाची एक श्रीमंत रोमी विधवा पवित्र भूमीकडे निघाली. कुप्र येथे एपिफानियाने तिला दहा दिवस ठेवून घेतले. अंत्युखियाहून भर हिवाळ्यात, गाढवावर बसून, ती याच किनाऱ्याने दक्षिणेकडे आली. तिच्या मृत्यूनंतर जेरोमने लिहिलेल्या पत्रात तिचे मुक्काम दिलेले आहेत : सिदोन, मग सोर, जेथे पौलाने गुडघे टेकले ती वाळू तिला दाखवण्यात आली, मग प्तलमैस, मग कैसरिया. तेथे कर्नेल्याच्या घराचे मंदिर झालेले तिने पाहिले. फिलिप्पाचे घरही लोक दाखवीत. ते लहानसे होते, आणि त्यात चौघी संदेष्ट्या कन्यांच्या खोल्या होत्या. सव्वातीनशे वर्षांनंतर दाखवलेले घर खरोखर तेच होते की काय, याची खात्री कोण देणार? पण सुभेदाराच्या वाड्याने भरलेल्या त्या नगरात यात्रेकरू त्या लहान घराची चौकशी करीत येत असत. पौला तेथून बेथलेहेमास गेली. तीन वर्षे तिने अरुंद बिऱ्हाडात काढली. तेवढ्या अवधीत मठ बांधून झाले, आणि रस्त्याच्या कडेला वाटसरूंसाठी एक धर्मशाळा, कारण मरीया व योसेफ यांना त्या गावी उतरावयास जागा मिळाली नव्हती.